एक दात, दोन प्रश्न

‘एक दात द्या, अख्खा प्राणी उभा करून दाखवतो.’ जीवाश्मांवरच्या व्याख्यानांत आणि लेखांत या अर्थाचे वाक्य हमखास भेटते. त्यामागे बहुधा क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले असते. मुलांना हे वाक्य आवडते आणि शिक्षकांनाही सांगायला बरे वाटते. आम्हांला मात्र त्याविषयी थोडी तक्रार करायची आहे. हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे सांगायचे राहून गेले की काय होते, याचे एक ठळक उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातच घडले आहे. ते २००५ साली सुरू झाले आणि २०२४ साली त्याला वेगळेच वळण लागले.

दातच का?

आधी वाक्याचा खरा भाग पाहू. दातावरचे इनॅमल हा सस्तन प्राण्याच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तो जवळजवळ पूर्णपणे खनिजाचा बनलेला असतो. त्यामुळे हाडे कुजली, फुटली, विरघळली तरी दात उरतात. आद्य सस्तन प्राणी उंदराएवढे किंवा त्याहूनही लहान होते. त्यांच्यापैकी कितीतरी प्राण्यांची ओळख आपल्याला केवळ दातांवरून आहे.

दुसरी गोष्ट अशी की सस्तन प्राण्यांचे दात माणसाच्या सह्यांसारखे असतात. मासे किंवा सरडे यांच्या तोंडातील दात बहुधा एकसारखे असतात. आपल्याकडे मात्र पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा अशी वाटणी असते. वरच्या दाढेवरचे उंचवटे खालच्या दाढेच्या खळग्यांत नेमके बसावे लागतात. त्यामुळे दाढेचा आकार सहजासहजी वेडावाकडा बदलत नाही. कोणत्या प्राण्याची दाढ कशी दिसते हे ठरलेले असते आणि ते ओळखता येते. गाईम्हशींची दाढ उंच असून तिच्यावर चंद्रकोरींसारख्या कडा दिसतात. डुकराची दाढ ठेंगणी आणि गोलसर उंचवट्यांची, क्षणभर माणसाच्या दाढेसारखी वाटणारी. हत्तीच्या दाढेत एकापुढे एक पट्ट्या रचलेल्या असतात.

क्यूव्हिएने केलेले कामही वाखाणण्यासारखेच होते. पॅरिसजवळच्या मोंमार्त्रच्या जिप्समच्या खाणीतून एका लहान प्राण्याचा सांगाडा आला होता. जबडा आणि दात पाहून त्याने ठरवले की हा ओपोसमसारखा पिशवीवाला प्राणी असावा. १८०४ साली त्याने साक्षीदारांसमक्ष दगड कोरला. पिशवीवाल्या प्राण्यांच्या कमरेशी जी दोन खास हाडे असतात, ती त्याने आधी सांगितलेल्या जागी निघाली. या गोष्टीत दातापेक्षा महत्त्वाचे काय आहे ते पाहा. त्याने दातावरून अंदाज केला आणि तो अंदाज दुसऱ्या पुराव्यावर तपासून घेतला. लोकप्रिय वाक्यात अंदाज तेवढा उरला, तपासणी गळून पडली.

आमगावच्या शिवारातला दात

आता आपण गोंदिया जिल्ह्यात येऊ. समजा, आमगावच्या शिवारात, उघड्या खडकावर, एखाद्या विद्यार्थ्याला काळपट पडलेली दाढ सापडली. तेथील पायाचा खडक पट्टिताश्म आहे. आमगावच्याच नावाने तो भूशास्त्रात ओळखला जातो आणि तो दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. मग ही दाढही दोनशे कोटी वर्षांची म्हणायची काय?

सहावीतला मुलगाही हसेल. त्या काळी पृथ्वीवर जबडा असलेला प्राणीच नव्हता. शिवाय खोल भूगर्भात तापून, दाबला जाऊन बनलेल्या पट्टिताश्मात दात टिकायचाही नाही. दाढ त्या खडकावर नंतर येऊन पडली असणार. पुराच्या पाण्याने आली असेल, कुत्र्याने आणली असेल किंवा वरचा गाळ धुपून गेल्यावर खाली राहिली असेल.

येथे आपण नकळत दोन प्रश्न वेगळे केले. पहिला प्रश्न, दात कोणाचा? याचे उत्तर दाताच्या आकारात आहे. दुसरा प्रश्न, दात केव्हाचा? याचे उत्तर दाताच्या आकारात नाही. ते दात ज्या थरात सापडला त्या थरात आहे आणि तेही दात खरोखर त्या थरातलाच असेल तर. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. आमगावला ती तुटलेली आहे हे चटकन कळते, कारण खडक आणि दात यांच्या वयांत कसलाच मेळ नाही. खडकाचे वय जेथे ‘शक्य’ वाटते, तेथे मात्र हीच चूक डोळ्यांआड होते.

टिकीची दाढ

मध्य प्रदेशात शहडोल जिल्ह्यात, सोन नदीच्या खोऱ्यात, टिकी गावाच्या नावाने ओळखले जाणारे थर आहेत. तांबूस चिखलखडक आणि वालुकाश्म असे त्यांचे स्वरूप आहे. हे थर ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातले, म्हणजे सुमारे बावीस ते तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. सस्तन प्राण्यांची वंशवेल नेमकी याच सुमारास फुटत होती, म्हणून या थरांना फार महत्त्व. १९९६ साली पी. एम. दत्ता आणि डी. पी. दास यांनी येथूनच ‘गोंडवानाडॉन’ या आद्य सस्तन प्राण्याचे वर्णन केले होते. तेही एकाच दाढेवरून.

२००५ साली दत्ता यांनी येथील आणखी एक दाढ जगापुढे मांडली. ही वरच्या जबड्यातली, एकुलती एक. तिला ‘टिकिथेरियम कोपी’ असे नाव दिले. टिकीचा प्राणी म्हणून टिकिथेरियम आणि अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ कोप यांच्या स्मरणार्थ कोपी.

या दाढेत विशेष काय होते? त्या काळातल्या सस्तन प्राण्यांच्या दाढा साध्या असत. तीन मुख्य उंचवटे पुढून मागे एका ओळीत, करवतीच्या दात्यांसारखे. त्यांनी किड्याचे कवच कातरता येई, पण चुरडता येत नसे. टिकीची दाढ मात्र आतल्या, म्हणजे जिभेच्या बाजूला चांगली रुंद झालेली होती. कातरणे आणि चुरडणे ही दोन्ही कामे करणारी अशी दाढ. दाढांमधली ही प्रगती बरीच पुढच्या काळातली समजली जात होती. म्हणजे टिकिथेरियम खरे असेल, तर दाढांच्या उत्क्रांतीचा एक मोठा टप्पा कोट्यवधी वर्षे मागे सरकत होता आणि तो भारतात घडला होता. शोधनिबंधाच्या शीर्षकातच रुंदावलेल्या दाढेचा हा सर्वांत जुना सस्तन प्राणी असल्याचे म्हटले होते. पुढे आद्य सस्तन प्राण्यांच्या याद्यांत टिकिथेरियम आणि ‘साडेबावीस कोटी वर्षे’ ही जोडी सर्रास दिसू लागली.

सरड्याचा इशारा

२००६ साली त्याच टिकी थरातून दत्ता आणि संघमित्रा राय यांनी एका सरड्याच्या जबड्याचा तुकडा वर्णिला, ‘टिकिग्वानिया एस्टेसी’. हा जगातला सर्वांत जुना सरडा ठरला. त्याच्या आधारे सरडे आणि साप यांची वंशवेल किती जुनी याची गणितेही होऊ लागली.

२०१२ साली हचिन्सन, स्किनर आणि ली या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या जबड्याची आजच्या सरड्यांशी तुलना केली. त्यांचा निष्कर्ष असा की हा जबडा आपल्या कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या सरड्याच्या उपकुळातला आहे आणि आजच्या सरड्यांपासून वेगळा काढता येण्याजोगे त्यात काही नाही. वीस-बावीस कोटी वर्षांत जबड्यात तसूभरही फरक पडला नाही असे मानण्यापेक्षा, अलीकडच्या काळातला जबडा जुन्या थरात मिसळला असे मानणे त्यांना अधिक सयुक्तिक वाटले.

असे मिसळणे अगदी सोपे आहे. सूक्ष्म जीवाश्म शोधण्यासाठी थरातली माती पोत्यांनी गोळा करतात, पाण्यात भिजवतात, बारीक चाळणीतून धुतात आणि उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. ही पद्धत उत्तम आहे. भारतातले बहुतेक आद्य सस्तन प्राणी तिनेच हाती आले आहेत. पण चाळणीला वय कळत नाही. चिखलखडक ठिसूळ असतो, त्याला भेगा पडतात, मुळे शिरतात, बिळे होतात. घुबड लहान प्राणी गिळते आणि हाडादातांची गोळी ओकून टाकते. तीच गोळी पावसाने फुटून भेगेत गेली, तर चाळणीत ट्रायासिक चुऱ्याबरोबर तिच्यातलेही दात येणारच.

आणि चिचुंद्री

२०२४ साली रशियातील अव्हेरियानोव्ह आणि व्हॉयटा यांनी टिकिथेरियमची दाढ पुन्हा तपासणीस घेतली. त्यांनी ती ट्रायासिक प्राण्यांच्या रांगेत न ठेवता सर्व काळांतल्या सस्तन प्राण्यांच्या दाढांशी ताडून पाहिली. ती जुळली चिचुंद्रीच्या कुळाशी. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ते सांगून टाकले की टिकिथेरियम हा ट्रायासिक प्राणी नसून निओजीन काळातली चिचुंद्री आहे. निओजीन काळ सुरू झाला तो सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे दाढेच्या वयातून एका फटक्यात निदान वीस कोटी वर्षे वजा झाली!

चिचुंद्री आपल्या ओळखीची आहे. रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळणारी, घाण वास मारणारी. लोक तिला उंदीर समजतात, पण दात पाहिले की फरक कळतो. उंदराच्या पुढच्या पटाशींनंतर मोठी मोकळी जागा असते. चिचुंद्रीच्या तोंडात टोकदार दातांची सलग रांग असते आणि तिच्या वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूस नागमोडी कडा असते. आतली बाजू रुंद. किड्यांचे कवच कातरायचे आणि चुरडायचे, हेच तिचे काम.

चूक नेमकी कुठे?

हा फसवणुकीचा प्रकार नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. दत्ता यांनी दाढेचे सविस्तर वर्णन छापले, चित्रे छापली, ती कोणत्या थरातून आली ते लिहिले. म्हणूनच एकोणीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला ती तपासता आली. दाढ रुंद आहे, प्रगत आहे, हे त्यांचे निरीक्षणही बरोबरच होते.

आमचा आक्षेप निरीक्षणानंतरच्या पायरीवर आहे. दाढेचा आकार आणि थराचे वय यांचे भांडण लागले होते. आकार सांगत होता, ‘मी अलीकडची’. थर सांगत होता, ‘ती माझी, जुनी’. असे भांडण लागले की आधी विचारायचे ते हे, की दाढ खरोखर या थराचीच आहे ना? येथे थराची साक्ष अंतिम धरली गेली आणि आकाराचा अर्थ तिला जुळेल असा लावला गेला. दाढेची तुलना मुख्यतः जुन्या प्राण्यांशी झाली, कारण वय आधीच ठरून गेले होते. तुलनेच्या टेबलावर चिचुंद्री आलीच नाही. जो प्राणी टेबलावर ठेवलाच नाही, त्याच्याशी साम्य दिसणार तरी कसे?

दुसरा आक्षेप आमच्यासारख्यांवर, म्हणजे विज्ञान सोपे करून सांगणाऱ्यांवर आहे. ‘साडेबावीस कोटी वर्षांपूर्वीचा सस्तन प्राणी’ हे शब्द याद्यांतून याद्यांत उतरले. ‘एकाच दाढेवरून’ हे शब्द वाटेत गळाले. २०१२ साली त्याच थरातल्या सरड्याविषयी शंका जाहीर झाली. तेव्हा शेजारच्या दाढेलाही प्रश्न विचारायला हवा होता. याद्यांनी तो विचारला नाही.

तिसरी गोष्ट नव्या निष्कर्षाविषयी. आम्हांला तो पटतो. पण त्याचाही मुख्य आधार आकारच आहे, हे विसरून चालणार नाही. त्याच्यासाठीही दुसरा पुरावा हवा. टिकीच्या त्याच जागी, पृष्ठभागापासून खोल, घट्ट खडक फोडून नव्याने चाळणी केली तर तशी दाढ पुन्हा मिळते का? दुसरी वाट रसायनांची. जमिनीत पुरलेली हाडे आणि दात भूजलातून दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये शोषून घेतात आणि त्यांचे प्रमाण थराथरात वेगळे असते. ज्यांच्या वयाविषयी वाद नाही अशा टिकीच्या जीवाश्मांशी दाढेचे हे प्रमाण जुळते का, हे पाहता येईल.

दोन जुन्या गोष्टी

एका दातावरून झालेली सर्वांत गाजलेली गफलत अमेरिकेतली. नेब्रास्का राज्यात मिळालेल्या एका झिजलेल्या दाढेवरून १९२२ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचे ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतला पहिला मानवसदृश वानर जाहीर केला, ‘हेस्पेरोपिथेकस’. वृत्तपत्रांत त्याची चित्रेही झळकली. मग त्याच जागी पुन्हा खोदकाम झाले, आणखी दात आणि हाडे निघाली आणि १९२७ साली जाहीर करावे लागले की दाढ डुकरासारख्या दिसणाऱ्या पेकारी या प्राण्याच्या कुळातली आहे. तेथे ‘केव्हाचा’ हे बरोबर होते, ‘कोणाचा’ हे चुकले. टिकीला ‘केव्हाचा’ हे चुकले आणि त्याने ‘कोणाचा’ यालाही ओढून नेले.

दुसरी गोष्ट समाधानाची आहे आणि तिच्यात नागपूरचे नाव आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होते. टाकळीच्या परिसरात लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्यांच्या गाळातून त्यांनी आणि हंटर यांनी असंख्य जीवाश्म जमवले. १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी तशाच गाळातून, आजच्या तेलंगणातील नास्कल गावी, भारतातल्या पहिल्या क्रिटेशस सस्तन प्राण्याचे दात शोधले. त्याला नाव दिले ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातले.

येथेही सुरुवात सुट्या दातांवरच होती. पण पुढे त्याच ठिकाणी आणखी दात मिळाले. १९९४ साली घोट्याची हाडे वर्णिली गेली. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातील किसलपुरी येथे याच वंशातले दात निघाले. गंमत अशी की ‘कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर मध्यंतरी बदलले. आधी ज्या कुळात हा प्राणी घातला होता त्यातून काढून त्याला दुसऱ्या कुळात न्यावे लागले. पण ‘केव्हाचा’ याला धक्का लागला नाही, कारण शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी, त्याच वयाच्या थरांत, त्याच तऱ्हेचे दात चुकून मिसळणे जवळजवळ अशक्य आहे.

किसलपुरीचीच आणखी एक दाढ आहे, ‘खरमेरअंग्युलेटम’. २००७ साली एकाच खालच्या दाढेवरून क्रिटेशस काळातला खूरवाला प्राणी म्हणून ती गाजली. वर्गात सांगताना आम्ही सुचवू की खूर सापडलेला नाही, दाढ सापडलेली आहे, हेही सोबत सांगावे.

वर्गासाठी

वैनगंगा, बाघ, चुलबंद यांच्या काठच्या रेतीघाटांवर दात आणि हाडे मिळणे नवलाचे नाही. विद्यार्थ्याने असा दात आणला तर काय करावे?

पहिले, तो घासूनपुसून चकचकीत करू नये. चिकटलेली माती हाच ‘केव्हाचा’ याचा साक्षीदार असतो. दुसरे, सापडलेली जागा लिहून घ्यावी. रेतीच्या ढिगात पडला होता की काठाच्या कपारीत रुतलेला? रुतलेला असेल तर वरून किती खाली आणि कोणत्या थरात? कपारीत आणखी काही दिसत असेल तर ते उपटू नये, त्याचे छायाचित्र घ्यावे. तिसरे, पट्टी शेजारी ठेवून दाताचे वरून, बाहेरून आणि आतून चित्र काढावे. चौथे, तुलनेचे टेबल मोठे ठेवावे. गाय, म्हैस, बकरी, डुक्कर, कुत्रा यांचे जबडे गावात मिळतात. शाळेच्या संग्रहात ते असलेच पाहिजेत. हत्ती किंवा गेंड्याचा विचार त्यांच्यानंतर.

मग फळ्यावर दोन रकाने आखावेत, ‘कोणाचा’ आणि ‘केव्हाचा’. प्रत्येक पुरावा कोणत्या रकान्यात जातो ते मुलांनीच ठरवावे. दात जड आहे, काळा आहे, हे कोणत्या रकान्यात? मुले चटकन दुसऱ्यात टाकतील. तेव्हा विचारावे, नदीच्या चिखलात काही वर्षे पडलेला म्हशीचा दातही काळा होत नाही का? मग हा पुरावा कितपत भक्कम? दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच राहू द्यावा. काही खरेच वेगळे वाटले तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा नदीगाळातील प्राण्यांच्या जीवाश्मांचा दीर्घ अभ्यास असलेल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजला चित्रांसह कळवावे.

आणि ज्यांच्या टिपणवहीत टिकिथेरियमची ओळ असेल त्यांनी ती खोडून टाकू नये, पुढे वाढवावी. टिकीच्या ट्रायासिक थरातून मिळालेली एक दाढ, २००५ साली आद्य सस्तन प्राण्याची मानली गेली, २०२४ साली चिचुंद्रीच्या कुळातली ठरवली गेली, दुसरी तशी दाढ अजून हवी आहे.